माझ्या कानातलं उर्दू

मागच्या उन्हाळ्यात सेलूकडचा एक शेतकरी आपल्या तरण्या लेकीला घेऊन आमच्या वस्तीवर आला होता. लेक ओसरीच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसली. बाप म्हणाला, "मास्तर, तुमाला बी असंच झालतं म्हणं. कसं बरं झालात तेवढं सांगा." मी सांगायला लागलो, पण त्यांना एस.टी. गाठायची होती, आणि माझं सांगणं अजून तिच्या बापापर्यंतच पोचलं होतं, लेकीपर्यंत नाही. निघताना तिनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं. तिला वाचता येतं असं तिचा बाप म्हणाला होता. म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, मी पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. अजूनही कधी कधी ऐकू येतं. पण मी वेळेवर जेवतो, काम करतो, चार माणसांत बसतो. त्या दिवसांत यातलं एकही पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं मला वाटत नव्हतं.

*

आम्ही मेंढरं राखणारे. पेडगावच्या शिवाराबाहेर आमची वस्ती. सुगी झाली की माणसं मेंढरं घेऊन निघत, गावोगाव शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घेत आणि पेरणीच्या तोंडाला परत येत. माझा थोरला भाऊ सखाराम तेच करी. मीही केलं असतं, पण आमचे बा परभणीला एका मुनशींकडं घोंगड्या घेऊन जात. त्या मुनशींनी मला बघितलं आणि म्हणाले, या पोराला तालीम द्या. आई लहानपणीच गेलेली, घरात मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बांनी मला त्यांच्याकडं ठेवलं. मी उर्दूत शिकलो. निजामाच्या राज्यात तीच भाषा पोटाला लावणारी होती.

शिकून मी झरीच्या शाळेत मास्तर झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला. लग्न झालं. बायकोचं नाव रुखमीण. ती फार बोलायची नाही, पण मी मुलांना शिकवत असलो की खिडकीबाहेर थांबून ऐकायची.

मग रझाकारांचे दिवस आले आणि त्यांच्यामागून पोलीस ॲक्शन. त्या वर्षात आमच्याकडं कोण कुणाला भीत नव्हतं? हिंदू भीत होते, मग मुसलमान भ्याले. कुणी कुणाचं नाव सांगेल याचा भरवसा नव्हता. शाळेतलं उर्दू गेलं, मराठीची पुस्तकं आली. मला वाटायला लागलं, मी उर्दू शिकवायचो म्हणून लोक मला निजामाचा माणूस म्हणतील. हे रुखमिणीला बोललो तर तिलाही खरं वाटलं. दार लावून बसायचो, तर शेजारीही दार लावूनच बसले होते. सगळेच घाबरलेले, त्यामुळं माझी भीती वेगळी आहे हे कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

बाकीच्यांची भीती हळूहळू ओसरली. लोक बाजाराला जायला लागले, लग्नं व्हायला लागली. माझी भीती तिथंच राहिली आणि एक दिवस बोलायला लागली.

*

आवाज उर्दूत होता. स्वच्छ, दरबारी उर्दू, एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यासारखं. "मास्टर साहब, दरवाज़ा खोलिए. हमें मालूम है आप अंदर हैं." मी दार उघडायचो. बाहेर अंगण, कोंबड्या, ऊन. दुसरं काही नाही.

मुली, तुला ऐकू येतं की नाही मला माहीत नाही. येत असेल तर हे तुला पटेल: तो मनातला विचार नसतो. शेजारी बसलेला माणूस बोलतो तसाच तो कानावर येतो. मग लोक म्हणतात, "कुणी न्हाई तिथं." त्या वेळी वाटतं, लोक खोटं बोलतायत. आणि जी माणसं खोटं बोलतायत त्यांच्याशी आपण बोलणं सोडून देतो. एकटेपण असं सुरू होतं. आधी आपणच आत शिरतो, बाहेरून कडी लोक नंतर लावतात.

एक दिवस आवाज म्हणाला, आज शाळेवर येणार. मी मुलांना आत घेतलं, दाराला आतून अडसर घातला, खिडक्या लावल्या आणि सगळ्यांना भिंतीच्या कडेला खाली बसवलं. मला ती वाचवायची होती. मुलं रडायला लागली. त्यांचे बाप आले, त्यांनी दार फोडलं. मुलांना काही झालं नव्हतं. पण ज्या नजरेनं ती माणसं माझ्याकडं बघत होती, त्या नजरेनं झरीतलं माझं मास्तरपण संपलं. मला मारलं नाही कुणी. एकानं माझा हात धरला आणि रस्त्याच्या कडेनं मला घरी आणून सोडलं.

*

बा मला पेडगावला घेऊन आले. त्यांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी केलं. दर शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात न्यायचे. सकाळी जायचं, दिवसभर पायऱ्यांवर बसायचं. तिथले ते दिवस मला आवडायचे. देवळात येणारा प्रत्येकजण काही ना काही मागायला आलेला असतो, त्यामुळं माझ्याकडं कुणी बघत नसे. बा भाकरी मोडून माझ्या हातात द्यायचे. परत येताना म्हणायचे, "आज जरा बरं वाटायलंय ना रे?" मी हो म्हणायचो. ते खरं नसायचं, पण त्यांना ऐकायचं असायचं.

मग मी पळायला लागलो. आवाज म्हणाला की निघायचो. एकदा रुळावरून चालत पार मानवतच्या बाजूला गेलो, गाडी येत असताना गँगमननं ओढून बाजूला काढलं. त्यानंतर बांनी बैलाची साखळी आणली. माझ्या उजव्या पायात घातली आणि गोठ्याच्या मेढीला बांधली. घालताना ते माझ्याकडं पाठ करून बसले होते. माझा पाय मांडीवर घेतलेला, पण तोंड दुसरीकडं.

रुखमीण भाकरी आणून ठेवायची, हात पोचेल इतक्या अंतरावर. लोक यायचे, माझ्यासमोर उभे राहून माझ्याबद्दल बोलायचे. "खातो का?" "झोपतो का?" "वळखतो का?" मी तिथंच असायचो. मला कुणी विचारत नसे. साखळीपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

*

परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं तो दिवस. डॉक्टर म्हातारे होते, घाईत होते. त्यांनी मला उर्दूत नाव विचारलं. उर्दू ऐकताच मला वाटलं, हेच ते. मी तोंड शिवून बसलो. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, हात हलवून बघितला आणि सखारामला म्हणाले, "याच्या डोक्याचा आजार आहे. लवकर जाणारा नाही. आमच्याकडं यावर इलाज नाही, मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल."

सखारामनं विचारलं, "कवा बरा हुईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला सांगता येत नाही," ते म्हणाले.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि ते वाक्य माझ्याबद्दल होतं, पण बोलणं त्या दोघांत झालं. मॅजिस्ट्रेटचा हुकूम निघाला. एक शिपाई, सखाराम आणि मी रेल्वेत बसलो. तेलंगणाकडच्या एका मोठ्या शहराबाहेर उंच भिंतीचं इस्पितळ होतं. फाटकापाशी सखारामनं माझी पिशवी त्यांच्या माणसाच्या हातात दिली. तो मला म्हणाला, "नामदेव, येतो मी." मग त्या माणसाला म्हणाला, "त्याला तिखट सोसत न्हाई."

*

तिथल्या वर्षांबद्दल मी फार सांगणार नाही. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की रांगेत बसायचं. ॲल्युमिनियमची ताटली, भात आणि आंबट आमटी. भाकरीचं तोंड बघितलं नाही. दुपारी खाटांची नवार विणायला बसवत. काहींना विजेचे झटके देत, मलाही दिले. त्यानंतर काही दिवस स्वतःचं गाव आठवत नसे. तिथली माणसं वाईट नव्हती, पण आम्ही फार होतो आणि ते थोडे होते.

वॉर्डात तेलुगू चाले आणि उर्दू. उर्दू मला येत होतं, पण मी बोलत नसे, कारण ती आवाजाची भाषा होती. मराठी बोलायला कुणी नव्हतं. कित्येक महिने माझ्या तोंडून माझ्या भाषेतला एक शब्द निघाला नाही. मग मी नवार विणताना हळूच मेंढ्यांना हाका मारायला लागलो, आमच्यात मारतात तशा. शेजारचा तेलुगू म्हातारा ते ऐकून हसायचा. तोही बहुतेक मेंढरंवाला असावा. एकदा त्यानंही त्याच्याकडची हाक मारून दाखवली. आमचं बोलणं म्हणजे एवढंच, पण मी रोज त्याच्याच शेजारी बसायला बघायचो.

सखाराम पहिल्या वर्षी आला. नंतर आला नाही.

शेवटी शेवटी नव्या गोळ्या आल्या. त्या खाल्ल्यावर आवाज बंद झाला नाही, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटायला लागला. मी पहिल्यांदा पूर्ण ताटली जेवलो.

त्याच सुमाराला हैदराबाद राज्य मोडलं. आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. इस्पितळ राहिलं तिकडं, आम्ही झालो इकडचे. साहेब लोकांची बोलणी झाली असतील. आम्हाला एवढंच कळलं, की ज्यांचे नातेवाईक न्यायला येतील त्या मराठवाड्याच्या पेशंटांना घरी सोडायचं. सखारामला कळवलं गेलं. तो आला. त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या.

*

गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. नांदेड आलं तेव्हा म्हणाला, "बा गेले."

"कवा?"

"तू गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात."

पूर्णेला गाडी बराच वेळ थांबते. तिथं त्यानं चहा घेतला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "रुखमिणीचं बी सांगायचं व्हतं. तिच्या बापानं तिचा म्होतूर लावला. जिंतूरकडं दिली. तिला एक लेकरू हाय आता."

मी चहा पिलो. मला राग आला नाही. आमच्यात बायकांचं दुसरं लग्न लावतात आणि ती किती दिवस वाट बघणार होती? पण परभणी येईपर्यंत मला एकच वाटत राहिलं, की ज्या माणसांकडं मी निघालोय ती आता तिथं नाहीत.

पेडगावच्या स्टेशनावर उतरलो. वस्तीवर सगुणावैनी दारात उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण तिची मुलं तिच्या पदरामागं होती आणि तिनं त्यांना पुढं केलं नाही.

*

परभणीच्या दवाखान्यात आता विदर्भातून बदलून आलेले एक तरुण डॉक्टर होते. सखाराम मला घेऊन त्यांच्याकडं गेला तो एकाच हिशेबानं, की कुठंतरी भरती करून घेतील. डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकलं. मग खुर्ची माझ्याकडं वळवली आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? घरी राहता येईल?"

किती वर्षांनी कुणी मला काही विचारत होतं. मी म्हणालो, "मेंढरं राखता येतील."

ते सखारामला म्हणाले, "भरती करायला आपल्याकडं आता जागा नाही. असती तरी मी केलं नसतं. दर बाजारच्या दिवशी यांना इकडं पाठवा, गोळ्या मी देईन. बांधायचं नाही. काम द्यायचं. आणि घरातल्या एकानं तरी रोज यांच्याशी बोलायचं."

सखाराम गोंधळला. "काय बोलावं साहेब?"

"मेंढरांचं बोला. पावसापाण्याचं बोला. आजाराचं सोडून काहीही."

हे काम वैनीच्या वाट्याला आलं. सखाराम मेंढरांमागं असायचा. ती रोज सकाळी गोठ्याच्या दारात यायची, लांबच उभी राहायची आणि दवंडी द्यावी तसं सांगायची. "भावजी, काळी मेंढी व्याली." "भावजी, आज आंबट वरण केलंय." एवढं बोलली की पटकन जायची. तिला माझी भीती वाटत होती आणि तरी ती रोज यायची. मी "बरं" म्हणायचो. दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य असायचं. मी ते कामावर जाताना बरोबर घेऊन जायचो.

वस्तीतले बाकीचे बोलत नसत. पाण्यावर गेलो की बाया घागरी घेऊन बाजूला होत. गावात मारुतीच्या पारावर बसलो की थोड्या वेळानं पार रिकामा होई. कुणी हाकललं नाही कधी. फक्त उठून जायचे.

*

दवाखान्याच्या मागं चिंचेचं झाड होतं. बाजारच्या दिवशी आमच्यासारखे पेशंट तिथं बसायचे, आपापल्या माणसांबरोबर. तिथं मला युसूफभाई भेटले. परभणीत स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून आणायची, कारण ते एकटे दुकानाच्या पायरीखाली उतरत नसत.

डॉक्टर एक दिवस मला म्हणाले, "नामदेवराव, तुम्ही स्टेशनवरूनच येता. येताना यांना दुकानातून बरोबर घेऊन येत जा. त्यांच्या मुलीला घरी कामं असतात."

मला वाटलं, मला कोण सांभाळतंय, मी कुणाला आणू? पण गेलो. पुढच्या बाजारला दुकानासमोर उभा राहिलो. युसूफभाई मशीनवरून उठले, टोपी घातली आणि माझ्या मागं मागं चालायला लागले. असे किती तरी बाजार गेले.

मग एकदा चिंचेखाली त्यांनी हळूच विचारलं, "मास्टर, आपको क्या बोलते वो?"

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं, "दार उघडा म्हणतात. आम्हाला माहीत आहे तुम्ही आत आहात, असं म्हणतात."

त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "मेरेकू भी येच बोलते. दार उघड. तू आत हायेस."

"मराठीत?" मी विचारलं.

"हौ. मराठीत. आपको?"

"उर्दूत."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. ते पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घरात दडून बसले होते, दारावर थापा पडल्या होत्या आणि बाहेरच्या हाका मराठीत होत्या. त्यांचा धाकटा भाऊ त्या दिवसांत गेला. माझ्या भीतीचा साहेब उर्दू बोलत होता. मग काय झालं कुणास ठाऊक, युसूफभाईंना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज आला. मीही हसलो. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही हसलो आणि माझं ते पाणी हसण्याचंच होतं असं मी सांगू शकत नाही.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी उर्दूत बोलायला लागलो. ते माझ्याशी मराठीत. ज्या भाषेची भीती, तिच्यात आपल्याला प्रेमानंही बोलता येतं हे ज्याच्या त्याच्या कानाला कळायला पाहिजे होतं.

*

बरं वाटायला लागलं की माणूस गोळी सोडतो. मीही सोडली. गोळीमुळं उन्हात फिरलं की कातडी भाजल्यासारखी व्हायची, तोंड सुकायचं, हात थरथरायचे, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेताना पडायचा. म्हटलं, आता कशाला? काही दिवसांत साहेब पुन्हा दाराशी आला. मी बाजारला जाणं बंद केलं.

त्याच वेळी सखाराम अडचणीत होता. झरीच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, "मेंढरं बसव, पण त्यो मास्तर संगं नगं." आणि मला मागं ठेवायचं तर वैनीची तयारी नव्हती. नवी बाळंतीण होती ती, तान्ही मुलगी पदरात. मी गोठ्यात होतो आणि दोघं अंगणात बोलत होते.

"मी किती दिस असं करू?" वैनी म्हणाली. "तुमी जाता मेंढरांमागं. मी एकटी. ते आपल्याआपनच बोलायलेत आता. लेकरं निजंना झालीत."

"त्यो माजा भाऊ हाय."

"मी कुठं न्हाई म्हनते? पर मला भ्या वाटतंय. कुनाला सांगू मी?"

ती खोटं बोलत नव्हती. तिचं एकटेपण माझ्याहून कमी नव्हतं, फक्त तिच्या पायात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखारामनं माळ्यावरून साखळी काढली. तो गोठ्यात आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. साखळी दोन हातांत धरून नुसता बसून राहिला. मीच पाय पुढं केला. मला वाटलं, त्याला तरी सोपं जाईल.

तेवढ्यात बाहेर कुत्री भुंकली. वैनीचा आवाज आला, "कोन हाय? कुनीकडं निघालात?"

युसूफभाई होते. टोपी हातात, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. जो माणूस दुकानाच्या पायरीवरून एकटा उतरत नव्हता, तो गाडीत बसून पेडगावच्या स्टेशनावर उतरला होता आणि लोकांना वाट विचारत विचारत आमच्या वस्तीपर्यंत चालत आला होता. वाटेत प्रत्येक माणूस मराठी बोलत होता. त्यांच्या कानात काय चाललं असेल ते फक्त मलाच कळत होतं.

गोठ्याच्या दारात उभं राहून ते मला म्हणाले, "दोन बाजार आला नाहीस तू. मला कोण नेणार दवाखान्यात?"

मग त्यांची नजर साखळीवर गेली. ते आत आले, माझ्या शेजारी शेणाच्या जमिनीवर बसले आणि पायजमा वर सरकवला. घोट्याभोवती काळा पडलेला वळ होता, माझ्यासारखाच.

"भाई," ते सखारामला म्हणाले, "मेरे अब्बाने भी डाली थी. प्यारसेच डाली थी. बांधे तो आदमी घरमें रहता. लेकिन फिर घरका नहीं रहता."

सखारामला सगळं कळलं की नाही माहीत नाही. त्यानं साखळी खाली ठेवली आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. वैनी दारातून बघत होती. ती आत गेली आणि आमच्या रोजच्या पिण्याच्या तांब्यातून युसूफभाईंना पाणी घेऊन आली. त्यांनी ते एका दमात पिलं. तिनं विचारलं, "भाकर खाता का?" ते म्हणाले, "खातो."

*

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी कमी केली, डोक्याला जाड पटका बांधून उन्हं उतरल्यावरच रानात जा म्हणाले. हात थरथरतो हे आधीच सांगायचं होतंत, एवढंच बोलले. मला ते सांगता येण्यासारखं आहे हेच ठाऊक नव्हतं. मुली, तुला गोळीचा त्रास होत असेल तर सोडू नकोस, सांग. दहा वेळा सांग.

सखारामनं एक वाट काढली. लंगड्या, आजारी आणि गाभण मेंढ्या लांबच्या वाटेला चालत नाहीत. त्या त्यानं माझ्याकडं मागं ठेवायला सुरुवात केली. वस्तीजवळच्या माळावर मी त्यांना चारायचो. लोकांना हेही आवडलं नाही. पण मेंढ्या जगत होत्या हे त्यांना दिसत होतं, म्हणून गप्प राहिले.

गप्पच राहिले. यापेक्षा चांगलं काही सांगावं असं वाटतं, पण खरं हेच आहे. बरीच वर्षं पार माझ्यामुळं रिकामा व्हायचा. माणसांना विसरायला आजारापेक्षा जास्त वेळ लागतो. रुखमीण मला पुन्हा दिसली नाही. जिंतूरच्या बाजारला मी कधी गेलो नाही.

युसूफभाईंना काही वर्षांनी त्यांच्या मुलीनं औरंगाबादला नेलं. स्टेशनावर निरोप द्यायला मी गेलो होतो. ते डब्याच्या खिडकीत बसले, टोपी नीट केली आणि मराठीत म्हणाले, "जपून ऱ्हा, मास्तर." गाडी गेल्यावर मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो. माझ्या आजारातलं सगळ्यात मोठं एकटेपण कुठलं असं कुणी विचारलं तर मी इस्पितळाचं नाव घेणार नाही. त्या दिवशीच्या त्या बाकाचं घेईन. तरी पुढच्या बाजारला मी दवाखान्यात गेलो. एकटा गेलो, गोळ्या घेतल्या आणि परत आलो.

*

एक गोष्ट राहिली. ती युसूफभाई असतानाची आहे, साखळीच्या त्या दुपारनंतरच्या सुगीतली.

काही रानं लवकर मोकळी झाली होती, सखाराम तिकडं कळप घेऊन गेला होता. वैनीची थोरली मुलं आजोळी होती. मी दुपारचा ओसरीवर बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होतो. वैनी तान्हीला घेऊन अंगणात आली. ज्वारीची कणसं मोडायला बाया रानात तिची वाट बघत होत्या आणि मुलीला बघणारं घरी कुणी नव्हतं. ती दारापाशी थांबली. एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

मग ती जवळ आली. इतकी जवळ ती कधी आली नव्हती. "हात धुवा, भावजी," म्हणाली.

मी हात धुतले, धोतराला पुसले. तिनं मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, तिच्या डोक्याखाली माझा हात सरकवून दिला. "जागी झाली तर बोटाला मध लावा. कपाटात हाय." आणि ती निघाली. मी बघत होतो. कोपऱ्यावरच्या बाभळीपर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. तिनं मागं बघितलं नाही.

मी श्वाससुद्धा मोजून घ्यायला लागलो. मुलगी झोपलेली, तोंडाशी मुठी. थोड्या वेळानं साहेब आला. नेहमीसारखा दाराशी उभा राहिला, नेहमीचं बोलला. मी उत्तर दिलं नाही. मला उठता येत नव्हतं, मांडीवर लेकरू होतं. तो बोलत राहिला, मी तिच्या नाकावर बसायला बघणारी माशी हाकलत राहिलो. मग तो कधी गेला ते कळलं नाही. उन्हं ओसरीवरून उतरली. मेंढी जवळ येऊन बसली. मुलगी एकदा डोळे उघडून माझ्याकडं बघून पुन्हा झोपली.

वैनी आली तेव्हा तिच्या केसांत ज्वारीचा भुसा होता. तिनं दारातूनच बघितलं, मग सावकाश आली, वाकून मुलगी उचलून घेतली. मी उठायला गेलो तर उठता येईना. पाय मुंग्यांनी भरून दगड झाला होता.

वैनीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "हाललात बी न्हाई व्हय इतका वेळ? ताणा पाय जरा. मी च्या टाकते."

आणि मुलीला कडेवर घेऊन ती चुलीकडं गेली.